नामदार गोखले आणि एक जाहीर कबुली

सार्वजनिक कार्यात पडलेल्या मनुष्यास दोन परीक्षा द्याव्या लागतात. सत्य अप्रिय असले तरी ते निर्भयपणे बोलणे, ही पहिली. आपण बोललो ते सिद्ध करता येत नाही असे ध्यानात येताच तेही चारचौघांत कबूल करणे, ही दुसरी. पहिलीत उतरलेले पुरुष आपल्या देशात पुष्कळ झाले. दुसरीत उतरलेले विरळा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो, ते ह्या दुसऱ्या परीक्षेच्या स्मरणार्थ होय.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या गावी झाला. घरची स्थिती बेताची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी आपले शिक्षण सोडून नोकरी पत्करली. त्यांच्या तुटपुंज्या पगारातून येणाऱ्या पैशावर गोपाळराव शिकले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाले. मोठ्या पगाराची वाट न धरता ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात व पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिक्षक म्हणून राहिले. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासारखा गुरू त्यांस येथेच लाभला. सरकारी कागदपत्रे बारकाईने वाचावी, आकडा पारखून घ्यावा आणि मगच लेखणी उचलावी, ही शिस्त रानड्यांच्या हाताखाली त्यांच्या अंगी बाणली.

अशा मनुष्याच्याच हातून १८९७ साली चूक घडावी, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. त्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. घरोघर झडत्या घेण्यासाठी गोरे सोल्जर नेमले गेले आणि त्यांच्या वर्तनाने लोक संतापून गेले. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. पुण्याहून मित्रांची पत्रे गोखल्यांस जात होती. त्यांवर विश्वासून त्यांनी मँचेस्टर गार्डियन पत्राच्या प्रतिनिधीस सोल्जरांच्या अत्याचारांची हकीकत सांगितली. दोन स्त्रियांची अब्रू घेतली गेली व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, हा त्यातील सर्वांत गंभीर आरोप होता. विलायतेत खळबळ उडाली. सरकारने आरोप नाकारले आणि पुरावा मागितला.

जुलैच्या अखेरीस बोट मुंबई बंदरात येताच पोलीस कमिशनर व्हिन्सेंट त्यांस बोटीवरच भेटले. गोखल्यांनी पुण्याच्या मित्रांकडे पुरावा मागितला. परंतु नाव उघड करून पुढे येण्यास कोणी तयार होईना. वातावरण भीतीचे होते. लोकमान्य टिळकांस नुकतीच अटक झाली होती. नावे सांगावी तर ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांचा घात होतो. न सांगावी तर सिद्ध न होणारा आरोप आपल्या तोंडून गेलेला राहतो. गोखल्यांनी नावे पोटात ठेवली, दोष स्वतःकडे घेतला, आणि ऑगस्टच्या आरंभी वर्तमानपत्रांतून आपले आरोप परत घेऊन गव्हर्नरांची व सोल्जरांची बिनशर्त क्षमा मागितली.

त्याबद्दल त्यांस काय सोसावे लागले, ते आज कल्पनेनेच जाणावे. लोकांनी त्यांस भित्रा ठरविले, वर्तमानपत्रांनी झोडपले, राष्ट्रीय सभेच्या वर्तुळातही कित्येकांनी पाठ फिरविली. प्लेगच्या झडत्यांत लोकांस झालेला जाच खोटा नव्हता. त्या माफीची भाषा इतकी सरसकट होती की तो खरा जाचही तिच्याखाली झाकला गेला, असे टीकाकार म्हणत. आम्हांसही ह्या आक्षेपात तथ्य वाटते. सिद्ध न झालेले तेवढे मागे घेऊन जे खरे होते ते त्यांनी कायम ठेविले असते, तर अधिक बरे झाले असते. परंतु स्वतःचा शब्द झाकण्यासाठी त्यांनी दुसरा खोटा शब्द रचला नाही, ही गोष्ट शिल्लक राहतेच. प्लेग पुन्हा उसळला तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक होऊन पुण्याच्या गल्ल्यांतून रुग्णांसाठी हिंडले.

लौकिक गेला असे वाटत होते, तो वाढूनच परत आला. १८९९ साली ते मुंबईच्या व १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात गेले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर बोलताना, सरकारी खजिन्यातील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून गरजेहून जास्त कर घेतल्याची खूण आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. पुढल्याच वर्षी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. त्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते पडणार हे त्यांस ठाऊक होते आणि सभागृहात त्यांनी ते आधीच मोकळेपणाने सांगितले. अनुयायांस खोटी आशा दाखविली नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आपल्या ज्ञातिसंस्थेचा व्याप गोखल्यांच्या कार्यापुढे तो काय! तरीही विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, वार्षिक जमाखर्च, ह्यांविषयी आपले चालक जे बोलतात, त्यावर शेकडो कुटुंबे विश्वास ठेवतात. ऐकीव गोष्ट सभेत खात्रीची म्हणून सांगू नये; सांगितली गेलीच, तर जेथे सांगितली तेथेच ती दुरुस्त करावी. अहवालात चूक निघाली, तर पुढल्या अहवालात ती कोपऱ्यात न दडविता पहिल्या पानावर छापावी. थोडा वेळ मान खाली जाईल. परंतु पुढे जेव्हा आपण काही सांगू, तेव्हा ते खरेच असणार असे आपल्या माणसांस वाटेल. त्याहून मोठी पुंजी कोणत्याही संस्थेच्या तिजोरीत असत नाही, असे आम्ही समजतो.