हॅरिएट टबमन

यंदाच्या स्मरणिकेसाठी कोणा थोर स्त्रीचे चरित्र लिही, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या हिशेबापलीकडे मी काही लिहिलेले नाही. परंतु मागच्या पावसाळ्यात माझ्या लेकीने मला अमेरिकेतल्या हॅरिएट टबमनची हकीकत वाचून दाखवली होती, ती मनातून जाईना. ही बाई माझ्याइतकीसुद्धा शिकलेली नव्हती. तिला अक्षरओळखही नव्हती. तेव्हा हिच्याविषयी लिहिण्याचे धाडस मी करते आहे. भगिनींनी चुकले माकले पदरात घ्यावे.

हॅरिएटचा जन्म अमेरिकेत मेरीलँड प्रांतात १८२२ च्या सुमारास झाला. नक्की तिथी कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या पोराची तिथी कोण लिहिणार! आफ्रिकेतून धरून आणलेल्या काळ्या लोकांना तिकडे गुराढोरांसारखे विकत घेत आणि विकत. आई गुलाम तर लेकरू गुलाम, असा कायदा होता. हिचे पाळण्यातले नाव अरामिंटा, घरात मिंटी म्हणत. बाप बेन लाकूडतोडीचे काम करी, आई रिट मालकाच्या घरी स्वयंपाक करी.

या रिटची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिच्या तीन मुली मालकाने दूर दक्षिणेकडे विकल्या, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. पुढे धाकट्या मुलासाठी गिऱ्हाईक आले, तेव्हा तिने त्याला महिनाभर लपवून ठेवले, आणि मालक दाराशी आल्यावर जो आत पाऊल टाकील त्याचे डोके फोडीन असे त्याला तोंडावर सांगितले. विक्री फिसकटली. मिंटीने हे लहानपणी पाहिले-ऐकले होते.

मिंटी सहा वर्षांची असताना तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला दिली. रात्रभर पाळणा हलवायचा आणि बाळ रडले की चाबूक खायचा. ते वळ म्हातारपणापर्यंत तिच्या मानेवर होते. पुढे वाढत्या वयात ती एकदा स्वयंपाकिणीबरोबर गावच्या दुकानात गेली होती. तिथे एक गुलाम पळू पाहत होता. त्याला बांधायला मुकादमाने हिला हाक मारली, ही हलली नाही. मुकादमाने त्या माणसावर दोन पौंडांचे वजन फेकले ते हिच्या कपाळावर बसले. दोन दिवसांत तिला पुन्हा शेतावर धाडले. त्या दुखण्याने जन्मभर तिला बोलता बोलता एकाएकी झोप लागे. असली बाई पुढे जे करून गेली ते या दुखण्यासकट केले, हे मला विशेष वाटते.

१८४४ च्या सुमारास जॉन टबमन नावाच्या स्वतंत्र काळ्या माणसाशी तिचे लग्न झाले आणि तिने आईचे हॅरिएट हे नाव घेतले. १८४९ साली मालक वारला. आता कर्ज फेडायला आपल्याला विकणार हे तिने ओळखले. ती दोघा भावांबरोबर पळाली, पण भाऊ घाबरून मागे फिरले आणि तिलाही घेऊन आले. मग ती एकटीच निघाली. दिवसा लपायचे, रात्री ध्रुवाच्या रोखाने उत्तरेला चालायचे. आपल्याकडे लग्नात नवरीला ध्रुव दाखवतात. मला तर तो तेव्हा दिसलाही नव्हता, उगाच मान डोलावली होती. हिने त्याच्या भरवशावर रात्रीमागून रात्री काढल्या आणि गुलामगिरी नसलेला पेनसिल्व्हेनिया प्रांत गाठला.

फिलाडेल्फिया शहरात ती धुणीभांडी, स्वयंपाक करून पैसे साठवू लागली. तिथेच सुखाने राहिली असती तर तिला कोणी नावे ठेवली नसती. पण साठवलेले पैसे घेऊन ती परत मेरीलँडला जाई आणि आपली माणसे घेऊन येई. १८५० साली पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही धरून नेण्याचा कायदा झाला, तेव्हा ती थेट कॅनडापर्यंत माणसे पोचवू लागली. दहा-अकरा वर्षांत सुमारे तेरा खेपा आणि सुमारे सत्तर माणसे. एकही माणूस वाटेत धरला गेला नाही. ती बहुधा थंडीत निघे, कारण रात्री मोठ्या. आणि शनिवारी रात्री निघे, कारण फरार गुलामाची जाहिरात वर्तमानपत्रात सोमवारआधी येत नसे. तान्ही मुले रडू नयेत म्हणून त्यांना अफूचे औषध देई. जवळ पिस्तूल बाळगी, आणि वाटेत घाबरून मागे फिरू पाहणाऱ्यालाही त्याचा धाक दाखवी, कारण एक परतला तर सगळे सापडायचे. एका खेपेला ती नवऱ्याला आणायला गेली, तर त्याने दुसरा घरोबा केला होता. ती दुसऱ्या माणसांना घेऊन आली.

१८५४ च्या नाताळची हकीकत ऐकताना माझ्या हातातले निवडण तसेच राहिले. तिचे तीन भाऊ नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकले जाणार होते. तिने ओळखीच्या एका काळ्या गृहस्थाला आडवळणाचे पत्र लिहवून घेतले. टपाल तपासणाऱ्या गोऱ्यांना त्यातले अवाक्षर उमगले नाही. भाऊ निघाले. एकाची बायको त्याच वेळी बाळंत होत होती, तिला सोडून त्याला यावे लागले. सगळे आईबापांच्या झोपडीजवळ कणसांच्या कोठारात लपले. मुले सणाला जेवायला येणार म्हणून रिटने डुक्कर मारून सगळी तयारी केली होती, आणि ती दिवसभर वाट पाहत होती. तिला सांगायचे नाही असे ठरले. ती मोठ्याने रडली असती आणि बोभाटा झाला असता. मुलांनी फटीतून पाहिले, तर म्हातारी चुलीपाशी डोक्याला हात लावून बसलेली. हॅरिएटने आईला पाच वर्षांत पाहिले नव्हते, आणि ती तशीच निघाली. बापाला मात्र ठाऊक होते. त्याने डोळ्यांवर रुमाल बांधून मुलांना अन्न दिले आणि तसाच काही अंतर त्यांच्याबरोबर चालला; पुढे कोणी विचारले तर मुले दिसली नाहीत असे खरेपणाने सांगता यावे म्हणून.

१८५७ साली तिने त्या दोघा म्हाताऱ्यांनाही गाडीत घालून आणले. कॅनडाची थंडी रिटला सोसेना, ती कुरकुर करी. तेव्हा १८५९ साली न्यूयॉर्क प्रांतात ऑबर्न गावी हॅरिएटने घर घेतले. म्हातारी माणसे सगळीकडे सारखीच! बहीण रेचेल मात्र तिला आणता आली नाही. १८६० च्या शेवटच्या खेपेत कळले की ती वारली आहे. तिची दोन मुले सोडवायला तीस डॉलर लाच हवी होती, तेवढे जवळ नव्हते. ती मुले मागेच राहिली.

मग गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत युद्ध पेटले. १८६२ पासून ही दक्षिण कॅरोलिनात सैन्याबरोबर शुश्रूषा आणि हेरगिरी करी, आणि खर्चासाठी रात्री भाजलेल्या वस्तू करून विकी. २ जून १८६३ रोजी तिने दाखवलेल्या वाटेने सरकारी बोटी कोंबाही नदीतून आत शिरल्या आणि सातशेहून अधिक गुलाम सुटले. एक बाई तर चुलीवरचे वाफाळते भाताचे भांडे डोक्यावर आणि पोरे पाठीशी अशी धावत आली होती. १८६५ साली युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या याच अमेरिकेतल्या लोकांना. परंतु युद्धाहून परतताना हॅरिएटजवळ सैन्याचा पास असूनही आगगाडीच्या कंडक्टरने तिला डब्यातून ओढून सामानाच्या डब्यात फेकले. तिचा हात मोडला. कायदा झाला तरी माणसांची मने तिथेच होती.

आपल्या कामाच्या पेन्शनसाठी ती तीस वर्षांहून अधिक झगडली. माझ्या सासूबाई मामंजींच्या पेन्शनसाठी एका कचेरीत अंगठा उठवायला किती वेळा गेल्या ते मी पाहिले आहे, म्हणून हे मला नीट कळते. १८९५ साली महिना आठ डॉलर मिळू लागले, तेही तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस सैनिक होता म्हणून, त्याची विधवा या नात्याने. १८९९ साली शुश्रूषेबद्दल वाढवून वीस केले. हेरगिरीचे काही नाही. तोवर ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी सभांतून बोलत होती, आणि दारी येईल त्या निराधाराला जेवू घालीत होती. १९०८ साली वृद्ध काळ्या लोकांसाठी तिचा आश्रम उघडला, आणि १० मार्च १९१३ रोजी तिथेच ती वारली. स्त्रियांना तिकडे मत मिळाले ते १९२० साली.

२०२४ साली मेरीलँडने तिला सेनाधिकाऱ्याचा, ब्रिगेडियर जनरलचा, हुद्दा दिला. लेकीने हे सांगितल्यावर मी तिला पहिले विचारले की पेन्शनच्या बाकीचे काय झाले. तर ती बाकीही २००३ साली मंजूर झाली होती, ११,७५० डॉलर. आणि ती रक्कम ऑबर्नच्या तिच्या घराच्या डागडुजीसाठी दिली गेली.