शेंगदाणा, श्वासनळी आणि डॉ. जॅक्सन

शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया. जवळा बाजार परिसरातल्या कोणत्याही घरात लहान मुलाच्या हाती सहज लागाव्यात अशा या गोष्टी. यातला एखादा दाणा श्वासनळीत गेला तर काय होते आणि तो बाहेर कसा काढायचा, यासाठी एका डॉक्टरने सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. शेव्हॅलियर जॅक्सन.

४ नोव्हेंबर १८६५ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. १८८६ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. त्याच वर्षी, त्याच शहरातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पुढे १९३५ मध्ये जॅक्सन आनंदीबाईंच्या त्या महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले.

श्वासनळीत खोल अडकलेली वस्तू काढणे त्या काळी फार जोखमीचे होते. १८९७ मध्ये जर्मनीतील गुस्ताव किलियन यांनी नळी आत घालून एका रुग्णाच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा काढला. जॅक्सन यांनी ही पद्धत पुढे नेली. नळीच्या आतल्या टोकाशीच बारीक दिवा बसवला आणि वस्तू पकडायचे नाजूक चिमटे स्वतः घडवले. नाणी, टाचण्या, बटणे, बिया असे जे जे निघाले, ते नोंदीसह जपून ठेवले. दोन हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह आजही फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे.

कॉस्टिक सोडा प्यायल्याने अन्ननलिका जळालेली मुलेही त्यांच्याकडे येत. अशा डब्यांवर धोक्याची सूचना हवी, म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. १९२७ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला. मधल्या काळात क्षयाने त्यांना अंथरुणाला खिळवले, तर तिथेही त्यांनी ग्रंथलेखन केले. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शेंगदाण्याचा त्यांना विशेष धसका होता. नाणे क्ष-किरण चित्रात दिसते, शेंगदाणा सहसा दिसत नाही. तो ओलाव्याने फुगतो आणि आतली त्वचा सुजते. ठसका थांबला की घरच्यांना वाटते, गेला खाली. काही दिवसांनी खोकला, ताप, छातीत घरघर सुरू होते. म्हणून खाताना मूल ठसकले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मात्र जॅक्सन यांची नळी त्यांच्यापर्यंत जिवंत पोहोचलेल्या मुलांच्याच कामी आली. श्वास पूर्ण बंद झाला तर हाती काही मिनिटेच असतात. तेवढ्यात जवळा बाजारहून हिंगोली किंवा परभणी गाठणे शक्य नाही. तेव्हा घरातल्या माणसांनीच हात चालवायला हवेत.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर लगेच कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. बाळ एक वर्षाच्या आतले असेल, तर त्याला हातावर पालथे धरा, डोके खाली आणि आधार देऊन. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारा. मग उताणे करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाब द्या. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर ५ थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर झटका द्या. वस्तू निघेपर्यंत हेच आलटूनपालटून करा. मूल बेशुद्ध पडले तर छातीवर दाब व तोंडाने श्वास देणे सुरू करा. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, पाणी किंवा केळे भरवू नका, बाळाला पाय धरून उलटे लटकवू नका. एकदा पोटावर झटके दिले असतील, तर मूल बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा.

आणि पाच वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा देऊच नका. कूट करून द्या.