परिचारिका घरोघरी पोहोचते तेव्हा

लिलियन वॉल्ड यांचा जन्म १८६७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात, एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून त्या १८९१ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि पुढे डॉक्टर होण्यासाठी शिकू लागल्या.

१८९३ मध्ये न्यूयॉर्कमधील लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत त्या बायकांना घरच्या घरी शुश्रूषा कशी करावी हे शिकवत होत्या. एकदा वर्गातूनच एक लहान मुलगी त्यांना आपल्या आईकडे घेऊन गेली. बाळंतपणानंतर ती बाई रक्ताने माखलेल्या बिछान्यात पडून होती. वॉल्ड यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले आणि मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्या याच वस्तीत राहायला गेल्या. १८९५ पासून हेन्री स्ट्रीटवरील घरातून त्यांचे काम चालू लागले. परिचारिका घरोघरी जात आणि ज्याला जेवढे परवडेल तेवढीच फी घेत. १९१३ पर्यंत परिचारिकांची संख्या ९२ झाली.

त्या काळी शाळेत डॉक्टर तपासणी करत आणि खरूज, उवा, डोळ्यांचा खुपरी रोग आढळला की मुलांना घरी पाठवत. उपचार मात्र कोणीच करत नसे, त्यामुळे मुलांची शाळा बुडत राही. १९०२ मध्ये वॉल्ड यांनी लीना रॉजर्स ही आपली परिचारिका महिनाभरासाठी चार शाळांना दिली. किरकोळ आजारांवर ती शाळेतच उपचार करी. मग मुलांच्या घरी जाऊन आयांना पुढची काळजी समजावून सांगे. मुले वर्गात परतू लागली. हे पाहून महापालिकेने स्वतःच्या खर्चाने शाळांसाठी परिचारिका नेमल्या. आधी करून दाखवायचे आणि मग ती जबाबदारी सरकारने उचलावी म्हणून पाठपुरावा करायचा, ही वॉल्ड यांची रीत होती.

१९०९ मध्ये त्यांनी मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला आपल्या कामगार विमेदारांच्या घरी परिचारिका पाठवण्यास राजी केले. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये नर्सिंग आणि आरोग्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथील विद्यार्थिनी प्रत्यक्ष कामासाठी हेन्री स्ट्रीटला येत. रुग्णालयात फक्त रुग्ण दिसतो. घरी गेल्यावर त्याची कोंदट खोली, अपुरे अन्न आणि कामावर जुंपलेली मुलेही दिसतात. बालमजुरीविरुद्ध आणि मुलांसाठीच्या केंद्रीय खात्यासाठी वॉल्ड यांनी आवाज उठवला, त्यामागे हाच अनुभव होता. ते खाते १९१२ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि वॉल्ड तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

१९४० मध्ये त्यांचे निधन झाले. आज आपल्याकडेही कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हा नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि विद्यार्थिनी खेड्यांत, वस्त्यांत गृहभेटींना जातात. अशा भेटीत वहीतला तक्ता भरणे जितके गरजेचे, तितकेच घरात दिसलेली अडचण योग्य ठिकाणी पोहोचवणेही.