तांबेऱ्याचा माग : प्रो. करमचंद मेहता

संकट आलें म्हणजे त्याचें कारण शोधण्याऐवजी कोणाच्या तरी पापाचा शोध घ्यावयाचा, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नर्मदेच्या खोऱ्यांतील गव्हावर तांबेरा पडला आणि हातातोंडाशीं आलेलें पीक बुडालें. ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्धीस आलेला इंग्रज अधिकारी स्लीमन यानें १८४४ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत या अनर्थाची हकीकत दिली आहे. कोणी त्याचा दोष गोहत्येला दिला, कोणी व्यभिचाराला, असें तो नमूद करतो. आम्हां मेहकरकरांस ही विचारसरणी अगदींच परकी आहे असें नाहीं. पैनगंगेकाठच्या गव्हाच्या पानांवर तांबूस भुकटी दिसूं लागली कीं कोणी दैवाला बोल लावतो, तर कोणी शेजाऱ्याच्या नजरेला. म्हणूनच ज्या पुरुषानें या रोगाचा खरा माग काढला, त्या प्रो. करमचंद मेहता यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मेहता हे मूळचे पंजाबचे. केंब्रिज येथें उच्च शिक्षण घेऊन ते आग्रा कॉलेजांत परत आले व वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. अशा विद्वानानें वर्गांत व्याख्यानें द्यावीं आणि महिनाअखेर पगार घ्यावा, एवढ्यावर कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. परंतु १९२३ च्या सुमारास त्यांनीं तांबेऱ्याचा प्रश्न हातीं घेतला, आणि तो १९५० सालीं मरण येईपर्यंत सोडला नाहीं. सरकारच्या शेतकी कौन्सिलाचें द्रव्यसाहाय्य त्यांस १९३० सालीं मिळूं लागलें. म्हणजे पहिलीं सात वर्षें या गृहस्थांनीं त्याची वाट पाहत हात बांधून बसणें पसंत केलें नाहीं. आपल्या देशांत स्वतंत्र संशोधन होऊं शकत नाहीं असें म्हणणाऱ्यांस हें उत्तर पुरेसें आहे.

प्रश्न होता तो असा. तांबेरा ही एक सूक्ष्म बुरशी आहे. ती जिवंत रोपावरच जगते. फाल्गुन-चैत्रांत गहूं निघाला कीं शेत मोकळें होतें, आणि वैशाखाच्या उन्हांत बुरशीचीं बीजें करपून मरतात. असें असतां पुढील हिवाळ्यांत नव्या पिकावर तांबेरा येतो कोठून? युरोपांत या गुन्ह्याचा साथीदार सांपडला होता. १८६५ सालीं जर्मन पंडित द बारी यानें दाखवून दिलें होतें कीं, काळा तांबेरा आपल्या आयुष्यक्रमाचा एक भाग बारबेरीच्या झुडुपावर काढतो. आपली दारुहळद ही त्याच कुळांतली, आणि हिमालयांत ती विपुल उगवते. तेव्हां संशय तिच्यावर जाणें साहजिक होतें. मेहतांनीं वर्षानुवर्षें पुरावा तपासला आणि या देशापुरतें तिला निर्दोष ठरविलें. दरसालच्या सांथीशीं तिचा संबंध नाहीं, असा त्यांचा निर्णय झाला.

मग खरा आरोपी कोण? मेहतांनीं निरनिराळ्या ठिकाणीं चिकट लेप दिलेल्या कांचा हवेंत उघड्या ठेविल्या व त्यांवर काय येऊन बसतें तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. डोंगराळ मुलखांत कोणत्या महिन्यांत कोणतें पीक उभें असतें, याचीही त्यांनीं कसून पाहणी केली. त्यांतून उलगडा झाला तो हा कीं, हिमालयाच्या थंड उंचवट्यांवर आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या डोंगरांत, उन्हाळ्यांतही हिरव्या राहणाऱ्या गव्हावर व आपोआप उगवलेल्या रोपांवर तांबेरा तग धरून असतो. आणि तेथून वाऱ्यावर बसून तो मैदानांत उतरतो. १९४० सालीं कौन्सिलानें त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरा भाग त्यांच्या पश्चात्‌ १९५२ सालीं निघाला.

हवेंत सूक्ष्म जीव असतात, ही गोष्ट त्यापूर्वींच सिद्ध झालेली होती. फ्रान्सच्या पाश्चरनें १८६० सालीं आल्प्स पर्वतावरील हिमनदीजवळ उकळलेल्या रसाच्या वीस कुप्या उघडल्या, तेव्हां त्यांतील एकच नासली. ज्युरा डोंगराच्या पायथ्याशीं मात्र वीसांपैकीं आठ नासल्या. १९३३ सालीं वैमानिक लिंडबर्ग यानें ग्रीनलंडकडील हिमप्रदेशांवरून उडतांना विमानांतून कांचा बाहेर धरल्या, तर तेथील हवेंतही बुरशीचीं बीजें सांपडलीं. तांबेऱ्याचें बीज लांबीनें मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या हिश्श्याएवढें. तें इतकें हलकें कीं तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा त्यास सहज हजारों फूट उंच नेते. त्याचें कवच जाड व रंगीत असल्यामुळें उन्हाचा मारा तें कांहीं काळ सोसतें. आणि शेवटीं पावसाच्या थेंबाबरोबर खालीं येऊन ओल्या पानावर रुजतें.

मेहतांच्या मागून आलेल्या एस. नागराजन प्रभृति संशोधकांनीं हवामानाचे नकाशे व उपग्रहांचीं चित्रें यांच्या साह्यानें हा मार्ग अधिक स्पष्ट केला. नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांत वादळ उठलें म्हणजे निलगिरीकडील बीजें त्याच्या वाऱ्यांत सांपडून थेट मध्य भारतापर्यंत येतात व पावसाबरोबर उतरतात. आमच्याकडे कार्तिकांत पेरलेला गहूं नेमका त्याच वेळीं कोंवळा असतो! १९४६-४७ सालीं मध्य प्रांतांत काळ्या तांबेऱ्यानें जो हाहाकार उडविला, तो येथील वडील माणसांनीं सांगितलेला कित्येकांच्या कानांवर असेल.

यावरून घ्यावयाचा बोध असा. बांध ही महसुलाच्या कागदावरची रेषा आहे. वाऱ्यास ती ठाऊक नाहीं. १९९९ सालीं युगांडांतून वर्णिलेला काळ्या तांबेऱ्याचा उग्र वंश पुढें येमेनमार्गें २००७ पर्यंत इराणांत पोंचला. त्यास कोणत्या नाक्यावर अडविणार? डोंगरांतील उन्हाळी गहूं कांहीं वर्षें बंद ठेवावा, अशी सूचना मेहतांनीं केली होती. पुढें मुख्य भर पडला तो रोगास दाद न देणाऱ्या वाणांवर, आणि तोच आजही खरा उपाय आहे. परंतु तांबेराही आपलें रूप बदलतो. म्हणून सिमल्याच्या प्रयोगशाळेंत त्याचे नवे वंश ओळखण्याचें काम चालूं आहे, आणि आपल्या महाबळेश्वरीं गव्हाच्या तांबेऱ्यासाठीं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे.

तेव्हां आमचें सांगणें शेतकऱ्यांइतकेंच व्यापारी बंधूंसही आहे. खाण्याच्या गव्हाच्या पोत्यांतील दाणा बियाणें म्हणून विकणारा दुकानदार एकाच गिऱ्हाइकास फसवीत नाहीं. त्या शेतावर तांबेरा वाढला तर वाऱ्याच्या दिशेचीं सारीं शिवारें तो धोक्यांत घालतो. आणि शेत बुडालें म्हणजे उधारीच्या वह्याही बुडतात, हें त्यास निराळें सांगावयास नको. वाणाचें नांव विचारून बीं घ्यावें, नांव सांगूनच विकावें, आणि पानावर पहिला तांबूस ठिपका दिसतांच तो लपवून न ठेवतां शेतकी अधिकाऱ्यास कळवावें. मेहतांनीं सत्तावीस वर्षें खर्चून आपणांस वाऱ्याचा मार्ग दाखवून दिला आहे. तो कळल्यावरही आपण शेजाऱ्याच्या नजरेलाच दोष देत राहिलों, तर दोष तांबेऱ्याचा नव्हे, आपला होय.