इंजिनाचं ‘हेड’ बदलणारे हॅरी रिकार्डो कोण होते?

कुणकेश्वरच्या वाटेवर चढ लागला आणि जुनी गाडी ठोके द्यायला लागली, की हॅरी रिकार्डो यांची आठवण काढायला हवी.

१८८५ मध्ये लंडनला जन्मलेल्या या इंजिनिअरने पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी इंजिन बनवलं. १९१९ मध्ये त्यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनाचा अभ्यास केला. ज्योत सावकाश पसरली, की उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि ठोका बसतो. रिकार्डोंनी फक्त हेड बदललं. पोकळी व्हॉल्व्हकडे सरकवली, उरलेलं हेड पिस्टनच्या अगदी जवळ आणलं. मिश्रण घुसळून झटपट जळू लागलं. स्वस्त इंजिनाची ताकद वाढली.

१९४८ मध्ये ते ‘सर’ झाले, १९७४ मध्ये वारले. जुन्या गाडीचं हेड नुसतं घासून कॉम्प्रेशन वाढवण्याआधी पोकळीचा आकार बघा, हाच त्यांचा धडा.