टाकाच्या टोकावरचा संपादक : शं. वा. किर्लोस्कर

विसाव्या शतकाची पहिली दोन दशके महाराष्ट्रात कारखान्यांच्या स्वप्नांची होती. मावळात तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांच्या पाण्यावर खोपोलीत तयार झालेली टाटांची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली. आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपली वसाहत वसवली. यंत्रांच्या या धडधडीतून मराठीतील एका महत्त्वाच्या व्यंगचित्रकाराची कारकीर्द घडावी, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच मराठी वाचकांचे शंवाकि, यांच्या बाबतीत मात्र ती पूर्णतः सुसंगत होती.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरात झाला. लक्ष्मणराव हे त्यांचे काका. चित्रकलेची ओढ या घराण्यात होतीच. स्वतः लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले होते, परंतु काही रंग ओळखता येत नसल्याने त्यांना तो मार्ग सोडून यंत्रांकडे वळावे लागले. पुतण्याने मात्र रीतसर चित्रकलेची वाट धरली आणि तो थेट लाहोरला पोहोचला. तेथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांची चित्रशाळा होती. वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे ख्यातनाम झालेले सातवळेकर मुळात जे. जे. मध्ये शिकलेले कसलेले चित्रकार होते. लाहोरमधील या शिक्षणाने शंकररावांच्या हाताला रेखांकनाची शिस्त लावली.

व्यक्तिचित्रे काढून संस्थानिकांच्या आश्रयाने जगण्याचा पर्याय त्या काळच्या चित्रकारापुढे होता. खुद्द औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार आणि कलेचे मोठे आश्रयदाते होते. शंकररावांनी किर्लोस्करवाडीची निवड केली आणि नांगर, चरक यांसारख्या अवजारांच्या विक्रीचे व जाहिरातींचे काम अंगावर घेतले. हे काम वाटते तितके रुक्ष नव्हते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली होती, ही हकीकत प्रसिद्धच आहे. म्हणजे या कारखान्याला माल विकायचा, तर आधी गिऱ्हाइकाच्या मनातील समजुतीशी झुंजावे लागे. शंवाकिंच्या पुढील सुधारकी लेखणीची आणि कुंचल्याची मुळे अनेकजण केवळ वैचारिक वाचनात शोधतात; मला ती या नांगराच्या तासातही दिसतात.

१९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्रच होते. मात्र संपादकाची नजर विक्रीच्या आकड्यांपलीकडे जाणारी असल्याने त्यात हळूहळू कथा, विनोद, उद्योजकांच्या हकीकती आणि सामाजिक प्रश्नांवरील लेख येऊ लागले. ना. धों. ताम्हनकरांचा ‘दाजी’ याच पानांतून मराठी घरांत पोहोचला. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. पुण्या-मुंबईपासून दूर, एका कारखान्याच्या वसाहतीतून तीन मासिके निघावीत आणि शहरी मध्यमवर्गाने त्यांची वाट पाहावी, हे मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक नवल होते.

या साऱ्या व्यापात त्यांनी चित्रकाराचा टाक खाली ठेवला नाही. मराठीत व्यंगचित्रे पूर्वीही छापली जात; ठाण्याच्या ‘हिंदू पंच’ने एकोणिसाव्या शतकातच तो मार्ग चोखाळला होता. शंवाकिंचे वेगळेपण असे की, त्यांच्या रेषेचे लक्ष्य बहुधा सरकारऐवजी समाज होता. जरठकुमारी विवाह, हुंडा, अस्पृश्यता, बुवाबाजी, कर्मकांड ही त्यांची क्षेत्रे. ‘टाकांच्या फेकी’ हे त्यांच्या व्यंगचित्रांचे नावच बोलके आहे. बोरूच्या पुढच्या पिढीतील टाक, दौतीत बुडवून ओढलेली काळी रेषा आणि तीत दडलेला फटका, हे सारे त्या नावात आले.

छपाईचे तंत्रही या रेषेला अनुकूल होते. छायाचित्र किंवा रंगचित्र छापायचे तर जाळीचा ठसा आणि गुळगुळीत कागद लागे. काळ्या शाईच्या रेखाचित्राचा जस्ताचा ठसा मात्र खिळ्यांच्या बरोबरीने साध्या कागदावरही स्वच्छ उमटे. त्यामुळे लेखाच्या मध्येच चित्र बसवणे संपादकाला परवडत असे. येथे तर संपादक आणि चित्रकार एकच होता. लेख वाचण्याचा कंटाळा करणाऱ्याच्या डोळ्यांतूनही चित्र चुकत नाही, हे जाहिरातीच्या कामात मुरलेल्या शंकररावांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

यातील जोखीम लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतंत्र वृत्तपत्राने रूढींवर टीका केली तर फार तर वर्गणीदार तुटतात. येथे मासिकामागे कारखान्याचे नाव उभे होते आणि टीकेचा रोख ज्यांच्याकडे होता, त्यांतलेच कित्येक त्या कारखान्याचे संभाव्य गिऱ्हाईक होते. तरीही स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि बुवाबाजीविरुद्धची मोहीमही चालली. मासिकाने हे धाडस केले, याचे श्रेय संपादकाइतकेच त्याला मोकळीक देणाऱ्या लक्ष्मणरावांनाही द्यावे लागेल. काही चित्रांतील उपदेश आजच्या वाचकाला ढोबळ वाटेल, हेही खरे. सुधारकाचा उत्साह कधीकधी विनोदकाराच्या पुढे धावतो.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आगी लावल्या गेल्या. त्या धक्क्यातून वसाहत पुन्हा उभी राहिली. पुढे मासिकांचे बिऱ्हाड पुण्याला हलले आणि संपादनाची धुरा शंकररावांचे पुत्र मुकुंदराव यांच्याकडे गेली.

उत्तरायुष्यात शंकररावांनी लेखनाकडे अधिक लक्ष दिले. काकांचे चरित्र त्यांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने लिहिले. चित्रकार होता होता यंत्रज्ञ झालेल्या माणसाची ती कथा. स्वतःची कहाणी मात्र त्यांनी बरीच उशिरा सांगितली. ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.