क्लाउदिओ मोन्तेवेर्दी : शब्दांच्या आज्ञेतील स्वर

क्लाउदिओ मोन्तेवेर्दी यांचा जन्म १५६७ साली इटलीतील क्रेमोना येथे झाला. मान्तुआच्या दरबारात असताना त्यांनी अनेक माद्रिगाल रचले. माद्रिगाल म्हणजे एखाद्या कवितेची अनेक आवाजांतील स्वररचना होय. १६०० मध्ये आर्तुझी या संगीतशास्त्रकाराने या रचनांतील विसंवादी स्वरांना नियमबाह्य ठरविले. निष्ठुर प्रियेला उद्देशून असलेल्या माद्रिगालात असे स्वर पूर्वतयारीविना येतात. दोष दाखविताना आर्तुझींनी स्वर छापले; शब्द मात्र गाळले.

१६०५ मध्ये मोन्तेवेर्दींनी आपल्या रीतीला ‘दुसरी पद्धती’ असे नाव दिले. १६०७ मध्ये त्यांचे बंधू जुलिओ चेझारे यांनी तिचे विवरण केले : येथे स्वरसंवाद शब्दांच्या आज्ञेत राहतो.

१६१३ पासून ते व्हेनिसच्या सान मार्को चर्चचे संगीतप्रमुख होते. १६३८ च्या आठव्या संग्रहातील अप्सरेच्या विलापात खर्जातील चार उतरत्या स्वरांची ओळ अखंड फिरत राहते आणि विरहिणीचा सूर त्या चौकटीबाहेर वाहतो. १६४३ मध्ये व्हेनिस येथे त्यांचे निधन झाले.

भाषेच्या अभ्यासकाने यातून एवढे ध्यानात घ्यावे, की नियमभंग सार्थ आहे की निरर्थक, याचा निर्णय शब्द गाळून करता येत नाही.